बायकांच्या बाजूने आलेलं उत्तर

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकातला नव्हे. त्याच्यावर राजवाडे आणि कारंजी रंगवलेली असतात, तो वर गेला की लोक सरसावून बसतात. मी त्याच्यासमोर, प्रेक्षकांच्या मधोमध बांधला जाणारा पडदा. माझ्या एका बाजूला पुरुष बसत, दुसऱ्या बाजूला बायका. मला बघायला कुणी येत नसे. उलट मी असलो म्हणजे काही दिसणार नाही, एवढ्यासाठीच माझी गरज होती.

शाळेत असताना तुम्हीही कधी छत्रीचं, कधी फाटक्या चपलेचं आत्मवृत्त लिहिलं असेल. तशी गोड गोष्ट माझ्याकडे नाही. तुम्ही आता मोठे झालात, तुमचे संसार झाले, म्हणून सांगतो. आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट एकट्याने बाळगायचा मला आता कंटाळा आला आहे.

माझा जन्म शिडाचा. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका मचव्यासाठी मला शिवलं होतं. जाड कापड, दुहेरी शिवण, कडेला दोरी घालायला भोकं. तेव्हा मी वाऱ्याने फुगत असे, आणि खलाशी माझ्याकडे मान वर करून बघत. तो मचवा पुढे खडकावर बसला. मालकाने मोडीत काढला आणि मला देवळाला देऊन टाकलं. देवळाच्या नाट्यमंडळाला दोन बाजू वेगळ्या करायला काहीतरी हवंच होतं. चांगलं जाड कापड आहे, आरपार दिसत नाही, म्हणून सगळे खूश झाले. माझी एवढीच स्तुती झाली, ती सुद्धा काही न दाखवण्याबद्दल.

समुद्राचं मीठ मात्र माझ्या अंगातून गेलं नाही. हवा दमट झाली की मी ओला होतो आणि जड लागतो. मंडळाची पोरं मला बांधताना शिव्या घालत. वर्षभर मी देवळामागच्या खोलीत घडी होऊन पडलेला असे. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी सुट्टीवर आले, की नाटक ठरे आणि माझी घडी मोडे. पौराणिक नाटकं बघितली, ऐतिहासिक बघितली, दारूबंदीचं एक बघितलं. राजे मेले, राण्या रडल्या. पुरुष टाळ्या देत, बायका पदराने डोळे पुसत, आणि मी दोघांच्या मध्ये लटकत असे. एकूण कंटाळवाणं काम होतं, पण त्रासाचं नव्हतं.

त्रास सुरू झाला तो सन अठ्ठावन्नच्या मे महिन्यात.

विश्राम नावाचा आमच्या गावचा तरुण मुंबईत कचेरीत कारकून होता. तिकडे तो नवी नाटकं बघायचा. त्या वर्षी तो स्वतः लिहिलेलं नाटक घेऊन आला. ‘आरशातली पाहुणी’ हे त्याचं नाव. नाव ऐकून मंडळाला वाटलं, भुताचं असेल. मंडळाचे अध्यक्ष भिकाजी गावकर हे देवळाचे मानकरी. त्यांनी पहिला अंक ऐकला, त्यात नवरा बोटीवर जायला निघतो आणि बायको त्याची शिदोरी बांधते. पुढचं ऐकता ऐकता त्यांना झोप लागली. सकाळी उठून म्हणाले, “बरा आसा. करा.”

नायिकेचं काम लवूकडे आलं. लवू मुंबईत खानावळीत वाढपी होता, पण लुगडं नेसून उभा राहिला की बायका सुद्धा त्याच्या चालीकडे बघत राहत. गावात स्त्रीपार्ट तोच करायचा.

नाटकाच्या दिवशी देवळाच्या सभामंडपात गॅसबत्त्या पेटल्या. मी नेहमीसारखा ताणून बांधला गेलो. पहिला अंक सरळ गेला. दुसऱ्या अंकात नायिका घरात एकटी आहे. न्हाऊन आली आहे, केस ओले आहेत. ती आरशासमोर बसते. आधी कुंकू लावायला म्हणून बसते, आणि मग हात थांबतो. ती स्वतःच्या गळ्याकडे बघते, खांद्याकडे बघते, जणू कुणा पाहुणीकडे बघते आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे अंग नवऱ्याचं म्हणूनच तिला माहीत होतं. तो असला की दिवा विझायचा, आणि ती डोळे मिटून पडून राहायची. आज उजेडात, एकटी असताना, तिला कळतं की हे अंग तिचं स्वतःचं आहे, आणि त्याला स्वतःचं काही हवंसं वाटतं. तिला लाज वाटते, मग हसू येतं, मग ती रडते.

पुरुषांच्या बाजूला आधी दोन शिट्ट्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, “आता येतलो बघ.” त्यांना वाटत होतं, मागच्या दाराने कुणी परका पुरुष येणार. सगळे त्याचीच वाट बघू लागले. तो आला असता तर त्यांचं काम सोपं होतं. त्याला शिव्या घालता आल्या असत्या, शेवटच्या अंकात नवऱ्याने त्याला बडवला असता. पण कुणी आलंच नाही. बाई आपली आरशासमोर एकटी बसलेली. मग मात्र पुरुष अस्वस्थ झाले. कुणी खाकरलं, कुणी विडी पेटवली, कुणी शेजाऱ्याकडे न बघता मांडी बदलली. मागून एकाने “पुरे करा रे!” अशी आरोळी दिली.

आणि बायकांची बाजू? मित्रांनो, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. पान चघळणं थांबलं होतं. एकीने मांडीवरच्या पोराचं तोंड पदराखाली घेतलं. पुढे बसलेल्या तरुण सुनांमध्ये नर्मदा होती, महादूची बायको. मुंबईच्या गोदीत काम करणारा महादू माझ्या दुसऱ्या बाजूला बसला होता. नर्मदेने एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरून ठेवल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. आणि अगदी मागे, माझ्या कापडाला खांदा टेकून, तिची सासू यशोदा बसली होती. महादू पाळण्यात असताना यशोदेचा नवरा गेला. आता ती साठीला आली होती. विधवांनी मागे बसायचं, ही तिची नेहमीची जागा.

रंगमंचावर लवूने आरशातून मान वळवली, थेट प्रेक्षकांकडे बघितलं आणि विचारलं, “हे सगळं मलाच होतं का?”

आमच्याकडे दशावतारात लोक पात्रांशी बोलतात. राक्षसाला शिव्या घालतात, राजाला सल्ले देतात. पण ते पुरुष. बायकांच्या बाजूने आजवर कधी शब्द आला नव्हता.

त्या शांततेत तो आला.

“तुकाच नाय गो बाय. आमकापण होता.”

तो यशोदेचा आवाज होता. माझ्या कापडातून थरथरत गेला, म्हणून मी शपथेवर सांगू शकतो. पण तो साठीच्या बाईचा आवाज नव्हता. कुठे खोल बंद करून ठेवलेला, न वापरलेला असा तो आवाज. बोलून झाल्यावर यशोदाच दचकली आणि तिने तोंडावर हात धरला. शेजारच्या बायकांनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. मग एक हसली, दुसरी हसली, आणि सगळ्या बाजूभर ते हसू हळू आवाजात पसरत गेलं. आनंदाचं म्हणावं तर तसं नव्हतं. फार दिवस डोक्यावर असलेली घागर उतरवताना बाई जसा श्वास सोडते, तसं काहीसं होतं.

पुरुषांनी ते हसू ऐकलं, आणि नाटक तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात सगळा गाव जमला. मला अजून सोडलेलं नव्हतं. नाटक वाईट होतं की चांगलं, हे कुणी विचारत नव्हतं. विचारायचं एकच होतं, बोलली कोण? आणि मित्रांनो, इथे मला खरोखर नवल वाटलं. एवढे नवरे तिथे बसले होते, पण कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना की ती माझी बायको नव्हे. प्रत्येकाला वाटे आपलीच असेल, आणि प्रत्येकाला तो आवाज अनोळखी. त्या सुरात कुणाची बायको घरात कधी बोललीच नव्हती, तर ते ओळखणार कसा?

बायकांना विचारलं. त्या म्हणाल्या, “काळोख होतो. आमका कळाक नाय.” सगळ्यांना ठाऊक होतं, पण एकीनेही नाव घेतलं नाही.

विश्रामला बोलावलं. मला वाटलं, हा तरी दोन शब्द बोलेल. तो कचेरीतल्या मराठीत म्हणाला, “नाटक ही कल्पना आहे. बायकांनी ते मनावर घ्यायला नको होतं.” संध्याकाळच्या गाडीने तो मुंबईला गेला. लवू मात्र खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, “इतकी वर्सां लुगडां नेसतंय. पयल्यांदाच कोणी माका बाय म्हणान उत्तर दिल्यान.” त्याला भिकाजींनी गप्प बसवलं.

मग भिकाजींनी देवाला कौल लावायचं ठरवलं. गुरवाने पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. गाऱ्हाणं घातलं, सगळे “व्हय म्हाराजा” म्हणाले. आणि एकेका घराचं नाव घेऊन विचारायला सुरुवात झाली, बोलली ती ह्या घरातली काय? ज्याच्या घराचं नाव येई, तो पाषाणाकडे टक लावून बघे. डावी पडली की तो चारचौघांत हसून घेई. महादूच्या घराचं नाव आलं आणि उजवी पाकळी पडली.

खोटं काही नव्हतं. घर तेच होतं. पण घरात बायका दोन होत्या, आणि दुसरा कौल लावायची कुणाला गरज वाटली नाही. सगळ्यांचे डोळे नर्मदेकडे वळले.

तेवढ्यात मागून यशोदा पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, “मियां बोललंय.”

मग पुरुषांमध्ये हशा पिकला. असा हसू येण्यासारखा प्रसंग त्यांना सकाळपासून मिळाला नव्हता.

भिकाजी समजुतीने म्हणाले, “गो यशोदे, सुनेक सांभाळतंस ता बरा आसा. पण तुझा वय काय, आणि तू बोलतंस काय!”

“वयाचा काय घेवन बसलंस? मियां बोललंय म्हणान सांगतंय.”

“व्हय व्हय. आता घराक जा.”

बायकाही पुढे आल्या. “खराच तीच बोलली,” म्हणाल्या. पण आधी आम्हाला माहीत नाही म्हणालेल्या बायकांवर आता कोण विश्वास ठेवणार? नर्मदा पुढे बसली होती आणि आवाज मागून आला, हेही कुणी लक्षात घेतलं नाही. साठीच्या विधवेला तसं काही होत असेल, हे मानण्यापेक्षा सगळा बायकांचा कट आहे, हे मानणं त्यांना सोपं होतं.

भिकाजींनी महादूला विचारलं, “तुझ्या बायलेचो आवाज तुका वळाखता येवक नाय? तिचोच काय तो?”

महादू वाईट माणूस नव्हता. पण मुंबईचे मित्र आजूबाजूला उभे होते. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “आसात.”

असेल, एवढंच तो म्हणाला. नर्मदेने ते ऐकलं. तो आवाज माझा नव्हे, असं ती म्हणाली नाही. तिने फक्त वळून त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने वर बघितलं नाही. नर्मदेने देवळाची पायरी चढायची नाही, असं ठरलं. घरात ठेवायची की नाही ते महादूने बघावं, असंही ठरलं. महादूने तिला मिठबावला माहेरी नेऊन सोडलं आणि स्वतः मुंबईला गेला.

माझी त्यानंतर घडी झाली. त्या वर्षभरात यशोदा कितीदा देवळात आली, भिकाजींना, गुरवाला, ज्याला त्याला तेच सांगत राहिली. “सुनेचो काय गुन्हो नाय. मियां बोललंय.” खोलीच्या भिंतीआडून मी ऐकत असे. तिचं बोलणं ऐकून लोक म्हणत, सासू असावी तर अशी. तिची जितकी स्तुती होई, तितकं तिचं खरं कुणाला खरं वाटेनासं होई. मला तोंड असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण मला फक्त दोन बाजू दिल्या आहेत.

पुढच्या मे महिन्यात मंडळाने खबरदारी घेतली. माझ्या पाठीला गोणपाट शिवला, म्हणजे आवाजही जाऊ नये. नाटक पौराणिक ठरलं. पतीने वनात टाकून दिलेली राणी, शेवटी देव प्रसन्न, सगळं नीट. राणी लवूच.

एका दुपारी लवू मुकुट डकवायला देवळामागच्या खोलीत बसला होता. यशोदा दारात येऊन उभी राहिली.

“लवू, गेल्या वर्साचा तां वाक्य तुझ्या ध्यानात आसा?”

लवूने वर बघितलं. “खंयचा?”

“तू विचारलंस तां. ह्या नाटकात एकदा विचार.”

“काकी, माका मंडळातून काढून टाकतले.”

“माझी सून माज्या तोंडामुळे घराभायर आसा. तोंड बघून कोण माझा खरा मानणत नाय. तोंड दिसूक नाय तर आयकतीत.”

लवूने मुकुट बाजूला ठेवला. मग म्हणाला, “दुसऱ्या अंकात विचारतंय. वनात.”

त्या वर्षी महादूही आला होता. घरी आईशी नीट बोलत नव्हता, मित्रांबरोबर पुढे बसला होता. दुसऱ्या अंकात राणी वनात शिळेवर बसली, विलाप झाला, पेटीवाल्याने पुढचं पद धरलं. लवूने हात वर करून त्याला थांबवलं. उठला, सावकाश पुढे आला, आणि राणीच्या मुकुटासकट गेल्या वर्षीच्या त्या बाईच्या आवाजात विचारलं, “हे सगळं मलाच होतं का?”

पेटी बंद, विड्या बंद. माझ्या गोणपाटाला एक म्हातारा खांदा टेकला होता. ह्या वेळी शब्द तोंडातून निसटणार नव्हते, ते बोलावे लागणार होते. सगळ्या गावासमोर, पोटच्या मुलासमोर.

“तुकाच नाय गो बाय. आमकापण होता.”

तोच आवाज. गोणपाटातून सुद्धा गेला. आणि नर्मदा तर मिठबावला होती.

पुरुषांच्या बाजूला कुणी हललं नाही. भिकाजींनी मान खाली घातली. महादू मात्र उठला आणि माझ्याकडे चालत आला. मला बाजूला करायला त्याने कड धरून असं ओढलं, की माझी भोकं फाटली आणि मी दोरीसकट खाली आलो. समोर त्याची आई बसली होती, गॅसबत्तीच्या उजेडात, ताठ मान करून.

“आता वळाखलंस?” ती म्हणाली. “तुझ्या आवशीचो आवाज.”

मंडळाने मला मोडीत काढलं. यशोदेने मागून घेतलं आणि घरी नेलं. दिवस रातांब्यांचे होते. तिने गोणपाट उसवून टाकला, मला घरासमोरच्या खळ्यात पसरलं आणि माझ्यावर कोकमाची सोलं वाळत घातली. तो लाल रस माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

मी असा खळ्यात पडलेला असताना महादू नर्मदेला घेऊन आला. यशोदा सोलं उलटवत बसली होती. नर्मदा खळ्यातच थांबली, पायरी चढली नाही.

“वर्सभर माका थंय ठेवलंस,” ती महादूला म्हणाली. “आता कित्याक आणलंस?”

“चूक झाली माझी. आवाज तुझो नाय, तां कळला.”

“माझो असतो तर?”

महादूने हातातलं तिचं बोचकं खाली ठेवलं.

“देवळात तू आसात म्हणालंस. मी गप रवलंय. माझो नाय म्हणान सांगूक माका कठीण नाय होता. पण आयेन माझ्या मनातलाच सांगल्यान. मग मी तां माझा नाय म्हणान कसा सांगू?” ती यशोदेजवळ बसली आणि एक एक सोल उलटवू लागली. मग हळूच म्हणाली, “आये, तुमी बोललात नसतात, तर मी बोललंय असतंय.”

मित्रांनो, बायका असं हळू आवाजात बरंच बोलतात. पुरुषांपर्यंत ते जात नाही, कारण मध्ये मी असतो. पण त्या दिवशी मी त्यांच्या मध्ये नव्हतो, खाली जमिनीवर पडलो होतो. महादूने सगळं ऐकलं. मग पायातली चप्पल काढून माझ्या दुसऱ्या कडेला येऊन बसला. तिचं म्हणणं त्याला पटलं की नुसतं ऐकू आलं, ते मला सांगता येणार नाही. नर्मदेने त्याच्याकडे बघितलं नाही, पण ऊठही म्हटलं नाही.

आता यशोदा नाही. गावात वीज आली आहे. बायका-पुरुष अजून वेगळे बसतात, फक्त मध्ये कुणी काही बांधत नाही. नर्मदा दर वर्षी मला झटकते आणि सोलं घालते. मी थकलो आहे, जागोजाग विरलो आहे. मला धुवा, रफू करा, सांभाळून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मी फाटलो तर बिघडत नाही. एवढंच करा, की आज घरी गेल्यावर जे माणूस तुमच्याशी रोज ‘जेवायला चला’ एवढंच बोलतं, त्याचा दुसरा आवाज तुम्हाला ओळखता येईल का, ते एकदा स्वतःला विचारा. आणि ओळखता येणार नसेल, तर कुणी विचारल्यावर असेल म्हणू नका.